साहेब खोलीबाहेर गेल्यावर

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : वरिष्ठांच्या वागण्याचा कनिष्ठांच्या कामावर होणारा परिणाम आणि तो तपासण्याची एक साधी रीत.



सरकारी पत्रात विषयाखाली संदर्भ द्यावा लागतो. या पत्राला तो नाही. कुणी माहिती मागवलेली नाही, कुणी खुलासा विचारलेला नाही, आणि पत्र लिहिणाऱ्याची एकही फाईल सध्या कुठल्या टेबलावर अडकलेली नाही, त्यामुळे हेतूबद्दल शंका नसावी.

तालुक्याच्या कोणत्याही कचेरीत वरिष्ठांच्या तपासणीच्या आदल्या दिवशी चक्कर टाकावी. कपाटांवरचे गठ्ठे खाली उतरलेले असतात. धूळ झटकली जात असते, विटलेली फडकी जाऊन कोरी लाल फडकी आलेली असतात. टेबलांवर नावाच्या पाट्या उभ्या राहतात. आवक-जावक नोंदवहीतले मागच्या महिन्याचे रिकामे रकाने एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरले जातात. उन्हाळाभर बंद असलेला वॉटर कूलर सुरू होतो. दुसऱ्या दिवशी सगळे पावणेदहाच्या ठोक्याला जागेवर. साहेब येतात, दोन नोंदवह्या चाळतात, एका कपाटाकडे बोट दाखवतात आणि नेमक्या त्याच कपाटातला कागद दोन मिनिटांत त्यांच्यापुढे येतो. शेरा चांगला पडतो. गाडी वळणाआड गेली की चहा येतो, आणि चहाचा पहिला घोट घेऊन कुणीतरी म्हणतो, 'सुटलो.'

हे पत्र त्या 'सुटलो'बद्दल आहे.

कर्मचारीच कामचुकार, असे त्यावरचे सोपे उत्तर आहे. टपरीवरच्या गप्पांपासून अग्रलेखांपर्यंत ते दिले जाते. ते टिकत मात्र नाही, कारण हाच माणूस मतदानाच्या दिवशी ओळखू येत नाही. एरवी चार वेळा हेलपाटे घालायला लावणारा लिपिक केंद्राध्यक्ष म्हणून आदल्या दिवशी यंत्रे ताब्यात घेतो, कागद एकेक करून मोजून घेतो, एसटीत बसून कुठल्याशा वाडीवर जातो आणि शाळेच्या वर्गात दोन बाके जोडून झोपतो. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी अभिरूप मतदान घ्यायचे असते. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मते टाकायची, ताळा जुळवायचा, ती मते पुसायची, मग यंत्र मोहोरबंद करायचे. दिवसभर रांग सांभाळून रात्री पुन्हा साहित्य जमा करण्याची रांग. पहाटे घरी पोचलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी पाठदुखीची तक्रार करील, पण आपल्या केंद्रावर किती टक्के झाले हे न विचारता सांगेल.

कुणी म्हणेल, निवडणूक आयोगाचा धाक असतो. असतो, यात वाद नाही. पण धाक कचेरीतही कमी नसतो. फरक दुसरीकडे आहे. निवडणुकीत प्रत्येकाच्या हातात पुस्तिका असते; काय करायचे, किती वाजता करायचे आणि का करायचे, हे तिच्यात छापलेले असते. केंद्रावर शेवटचा शब्द केंद्राध्यक्षाचा असतो, दर पाच मिनिटांनी कुणाला विचारावे लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्र बिघडणार, हे व्यवस्थेने आधीच धरलेले असते. म्हणून क्षेत्रीय अधिकाऱ्याच्या गाडीत राखीव यंत्रे फिरत असतात. यंत्र अडले की फोन जातो, दुसरे यंत्र येते. बिघाड लपवण्यात कुणाचाच फायदा नसतो, म्हणून तो लपवला जात नाही. माणूस तोच, पगार तोच. बदलते ते त्याच्यावरचे नेतृत्व, आणि तेही जेमतेम काही दिवसांसाठी.

या गोष्टीचा प्रयोग करून पाहणारा माणूस १९३०च्या दशकात होऊन गेला. कुर्ट लेविन हा जर्मनीतला ज्यू मानसशास्त्रज्ञ. हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी, १९३३ साली, त्याने देश सोडला आणि तो अमेरिकेत गेला. हुकूमशाहीत माणसांचे काय होते, हा त्याच्यासाठी पुस्तकी प्रश्न नव्हता. आयोवा विद्यापीठात रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या सहकाऱ्यांना घेऊन त्याने दहा-अकरा वर्षांच्या मुलांची लहान मंडळे केली. शाळा सुटल्यावर मुले जमत, मुखवटे बनवत, साबणाच्या वड्या कोरत. काही मंडळांत म्होरक्या सगळे स्वतः ठरवी, पुढची पायरी काय हे आधी सांगत नसे. काहींत तो मुलांशी बोलून काम ठरवी आणि स्वतःही हात घाली. काहींत तो नुसता बसून राही; विचारले तर सांगे, नाहीतर नाही. हा तिसरा प्रकार मूळ आराखड्यात नव्हता. एका सहकाऱ्याचा लोकशाही म्होरक्या होण्याचा प्रयत्न फसला, आणि त्या फसण्यातून तो हाती लागला. (चांगल्या हेतूचे सैल साहेब असेच घडत असावेत.)

मग लेविनच्या मंडळींनी एक साधी युक्ती केली. म्होरक्याला मध्येच काही मिनिटे बाहेर पाठवले आणि आत काय होते ते टिपले. हुकमी म्होरक्यापुढे मान तुकवणाऱ्या मंडळांत तो समोर असताना मुले ७४ टक्के वेळ कामात होती. तो बाहेर जाताच हा आकडा २९वर आला. चर्चेने चालणाऱ्या मंडळांत म्होरक्या असताना ५० टक्के आणि नसताना ४६.

महोदय, या चार आकड्यांतला पहिला आकडा नीट पाहावा, ही विनंती. साहेब खोलीत असताना हुकमी पद्धतच जास्त काम दाखवते. तपासणीला येणाऱ्याला, व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) आढावा घेणाऱ्याला, कॅमेरा घेऊन येणाऱ्याला नेहमी तो ७४चाच आकडा दिसतो. म्हणून दरारा असलेल्या अधिकाऱ्यांची आपल्याकडे इतकी वाहवा होते. २९ कुणालाच दिसत नाही. तो दिसतो फक्त खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला.

अमेरिकेतल्या शाळकरी पोरांचा आपल्या अव्वल कारकुनांशी काय संबंध, असे कुणी विचारले तर ते रास्त आहे. मुलांना ना बढतीची चिंता होती ना वेतनवाढ रोखली जाण्याची. तरी त्या नोंदींतला एक तपशील आपल्या कचेऱ्यांत बसलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. हुकमी मंडळांत मुले दोनपैकी एका रीतीने वागली. काही गप्प झाली, सांगितले तेवढेच करू लागली. काही आपसांत भांडू लागली आणि आपल्यातल्याच एखाद्या दुबळ्याला लक्ष्य करू लागली. राग म्होरक्यापेक्षा दुबळ्यावर निघाला. साहेबांनी तहसीलदारांना झापायचे, त्यांनी नायब तहसीलदारांना, त्यांनी अव्वल कारकुनांना, त्यांनी शिपायाला, आणि शिपायाने उतारा मागायला आलेल्या म्हातारीला, ही उतरंड तीच आहे. म्हातारीला वाटते शिपाई उर्मट आहे. तिला सकाळची व्हीसी दिसलेली नसते.

जाता जाता : मुलांना शेवटी विचारले गेले, कोणता म्होरक्या आवडला? वीसपैकी एकोणीस जणांनी हुकमी म्होरक्यापेक्षा चर्चा करणारा बरा म्हटले. विसावा मुलगा लष्करी अधिकाऱ्याचा होता.

नुसता बसून राहणाऱ्या तिसऱ्या प्रकाराबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, कारण तो साहेब कुणाला दुखवत नाही. 'माणूस भला आहे हो,' असेच त्याच्याबद्दल ऐकू येते. पण लिपिकांना विचारावे. टिपणी व्यवस्थित लिहिलेली असते, नियम उद्धृत केलेला असतो, मंजुरीचा मसुदाही जोडलेला असतो. फाईल वर जाते आणि आठ दिवसांनी समासात दोन शब्द घेऊन परत येते : 'चर्चा करावी.' चर्चेची वेळ मिळत नाही. साहेब दौऱ्यावर, साहेब बैठकीत, साहेब व्हीसीला बसलेत. फाईल टेबलावर पडून राहते आणि टेबल लिपिकाचे असल्यामुळे विलंबही त्याच्याच नावावर लागतो. २००५च्या बदल्या आणि विलंबविषयक अधिनियमाने कोणतीही नस्ती सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ पडून राहू नये असे सांगितले आहे. 'चर्चा करावी' लिहिणाऱ्याचे दिवस कुठून मोजायचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक कचेरी आपापल्या परीने सोडवते. असे तीन-चारदा झाले की लिपिक टिपणीत स्वतःचे मत देणे बंद करतो. 'आदेशार्थ सादर' एवढे लिहून मोकळा होतो. मत देण्याची सवय एकदा गेली की नंतर कितीही चांगला साहेब आला तरी ती पटकन परतत नाही.

आता चूक होते त्या दिवसाबद्दल. कर्मचारी वरिष्ठांना खऱ्या अर्थाने ओळखतात ते काहीतरी बिघडते त्या दिवशी. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेले एसएलव्ही-३ हे प्रक्षेपक यान बंगालच्या उपसागरात कोसळले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत गळती झाली होती. प्रकल्प संचालक ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा धवन यांनी कलामांना पुढे केले. कलामांनी ही गोष्ट पुढे अनेकदा सांगितली आणि आपल्याकडच्या प्रेरक भाषणांनी ती इतकी वापरली की आता ऐकताना माणूस मोबाईल काढतो.

ती गोष्ट नेहमी मोठ्या मनाची म्हणून सांगितली जाते. कामाच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहे. अपयश आणि यश यांच्यात अकरा महिने होते, आणि त्या अकरा महिन्यांत कुठला सांधा गळतो, कुठली झडप अडकते हे शोधायचे होते. ते ज्यांना माहीत असते ती माणसे उतरंडीच्या तळाशी असतात. अध्यक्षांनी कॅमेऱ्यासमोर एखाद्या अभियंत्याचे नाव घेतले असते तर तळाशी बसलेल्या प्रत्येकाने पहिल्यांदा आपापले कागद नीट करून ठेवले असते. गळती सापडली असती का, ते सांगता येत नाही. उशिरा सापडली असती, एवढे नक्की.

आणि आपल्याकडे काय होते? भर बैठकीत, माईक सुरू असताना, वाहिन्यांसमोर कुणालातरी उभे केले जाते आणि तिथेच निलंबनाची घोषणा होते. टाळ्या पडतात. ज्याचा दोष आहे त्याला शिक्षा व्हावी, याबद्दल या पत्राचे दुमत नाही. पण त्या सभागृहात मागे बसलेले शंभर कर्मचारी त्या दिवशी काय शिकतात? वाईट बातमी वर सांगायची नाही, हे. मग अहवालात 'कार्यवाही सुरू आहे' हे वाक्य वाढते. ग्रुपवर जिओ-टॅग केलेले फोटो वाढतात, कारण फोटो हा पुरावा आहे आणि काम झाले नसले तरी फोटो काढता येतो. शौचालयाचा, झाडाचा, ग्रामसभेचा. जागा खरी, वेळ खरी. झाडाला नंतर पाणी कुणी घातले, ते फोटोत येत नाही.

इथे एक गैरसमज व्हायला नको. कडक असणे आणि हुकमी असणे एक नव्हे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले, तेव्हा त्याचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्यापुढे रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सह्याद्रीच्या पायथ्याचा प्रदेश होता : दोन हजारांच्या आसपास पूल, नव्वदहून अधिक बोगदे. त्यांनी कार्यालयांत उलटी चालणारी घड्याळे लावली. किती दिवस झाले याऐवजी किती उरले, हे ती दाखवत. यापेक्षा कडक काय असते? पण त्याच वेळी मार्गाचे सात भाग केले गेले. महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. प्रत्येक भाग साधारण शंभर किलोमीटरचा, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता, आणि निर्णय त्याच्याकडे. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात मऊ मातीने वर्षानुवर्षे छळले; तिथल्या मुक्कामी बसलेल्या अभियंत्याला प्रत्येक ढासळीनंतर बेलापूरच्या मुख्यालयाच्या परवानगीची वाट पाहावी लागली असती, तर २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्गावर गाडी धावली नसती. घड्याळ भिंतीवर सगळ्यांना सारखेच दिसत होते, साहेबांनाही.

विश्वासाचा आणखी एक जुना दाखला सांगली जिल्ह्यातला आहे. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर, औंधच्या राजांनी दिलेल्या जागेत, उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. वसाहतीच्या पहाऱ्यावर त्यांनी गुन्ह्यांत शिक्षा भोगून आलेली माणसे ठेवली. शेजारपाजारचे हसले असतील. ज्यांच्यापासून राखण करायची त्यांनाच राखणदार करणे, हे उदारपणाचे लक्षण म्हणून सांगितले जाते, पण त्यात व्यवहारही चोख होता : रात्रीच्या वाटा त्यांच्याइतक्या कुणाला ठाऊक असणार?

मंत्रालयाच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण मात्र नगरचे आहे. १९८०च्या दशकात तिथे जिल्हाधिकारी असलेल्या अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची बसण्याची रचना, कामाची वाटणी आणि अभिलेखांची मांडणी बदलली. लखिना पॅटर्न हे नाव आज तिशीतल्या लिपिकालाही ऐकून माहीत असते. साहेब जाऊन चार दशके झाली, पॅटर्न अजून जिभेवर आहे. कागदाचे अ, ब, क, ड असे वर्ग, कायम जपायचे कोणते आणि वर्षाने नष्ट करायचे कोणते, टेबलावरचे काम सहा गठ्ठ्यांत कसे लावायचे, प्रलंबित वेगळे, प्रतीक्षाधीन वेगळे, ही भाषा कचेरीत मुरली. २०१७मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी झिरो पेंडन्सीची मोहीम चालवली तेव्हा पाया तयार होता.

पण मग प्रश्न उरतोच. लखिना पॅटर्न टिकला असेल, तर दळवींना पुन्हा गठ्ठे का सोडावे लागले? आणि राज्य सरकारच्या २०२५च्या शंभर दिवसांच्या मोहिमेत पुन्हा कार्यालयांची साफसफाई, जुन्या कागदांची निर्गती, अभ्यागतांसाठी बाके, हे सगळे का करावे लागले? या पत्राचा अंदाज असा की, टिकले ते लिपिकाच्या स्वतःच्या कामी येणारे. कपाटाच्या दारावर यादी असली की कागद त्यालाच लवकर सापडतो, शिव्या त्याच्याच वाचतात. ती यादी साहेब बदलले तरी राहते. साहेबांसाठी भरायचे तक्ते, साहेबांसाठी रंगवलेल्या भिंती, साहेबांच्या नावाने निघालेली अभियाने त्यांच्या बदलीच्या आदेशाबरोबर जातात. नव्या साहेबांना स्वतःचा पॅटर्न हवा असतो, आणि जुन्याचा फलक उतरवण्याचे काम शिपाई एका दुपारीत करतो.

लेविनचा म्होरक्या काही मिनिटांसाठी बाहेर जात असे. आपला साहेब कायद्यानेच साधारण तीन वर्षांनी बाहेर जातो, कित्येकदा त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे प्रयोग आपल्याकडे रोज, छत्तीस जिल्ह्यांत, सरकारी खर्चाने चालू आहे. टिपून घेणारा तेवढा कुणी नाही.

म्हणून मागणी एकच. शंभर दिवसांच्या मोहिमेत भारतीय गुणवत्ता परिषदेकडून कार्यालयांचे मूल्यमापन करून घेतले गेले आणि क्रमांक जाहीर झाले. तसेच एक मूल्यमापन अधिकाऱ्याची बदली झाल्यानंतर सहा महिन्यांनी, न कळवता, त्याने सोडलेल्या कार्यालयात व्हावे. पाच गोष्टी पाहाव्यात, जास्त नकोत. कपाटावरची यादी आतल्या कागदांशी जुळते का. टिपणीत लिपिक स्वतःचे मत लिहितात का. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातला सर्वांत जुना कागद किती दिवसांचा आहे. गेल्या सहा महिन्यांत एखादी चूक खालून आपणहून वर कळवली गेली का, आणि कळवणाऱ्याचे पुढे काय झाले. आणि खिडकीबाहेरच्या माणसाला किती वेळा यावे लागले. आलेले गुण आधीच्या अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात जोडावेत, नव्याच्या नव्हे. यासाठी नवा विभाग लागत नाही, ॲप तर मुळीच नको. एक निवृत्त अव्वल कारकून आणि एक दुपार पुरे. कुठल्या कपाटात काय दडवले जाते, हे त्याला कुणी शिकवावे लागणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खिडकीबाहेरच्या रांगेतला एक नागरिक

प्रत माहितीसाठी : हे पत्र प्रथम ज्या लिपिकांच्या टेबलावर येईल, त्यांना. टिपणीत स्वतःचे मत अवश्य लिहावे. सात कामाचे दिवस आवक शिक्क्याच्या तारखेपासून मोजावेत.